एकवीस दिवसांचे पाणी

रविवार, १० एप्रिल १९६०. सकाळी दहाला दहा मिनिटे कमी असताना भाऊच्या धक्क्यावरून मालवणकडे सुटलेल्या बोटीच्या खालच्या डेकवर माडबेट ग्रामोद्धार मंडळाची बावीस माणसे पथाऱ्या टाकून बसली होती. त्यांतले एकवीस जण मूळचे माडबेटाचे; लालबाग-परळच्या गिरण्यांत पोट भरणारे आणि वर्षातून एकदा गावाचे तोंड पाहणारे चाकरमानी. बाविसावे होते शामराव सबनीस. त्यांचा जन्म गिरगावात ठाकुरद्वारच्या एका वाडीत झाला होता, संसारही तिथेच होता, आणि समुद्र त्यांनी आजवर चौपाटीच्या वाळूवर उभे राहूनच पाहिला होता.

शामराव परळच्या एका गिरणीत इंजिनिअरिंग खात्याचे सुपरवायझर होते. माटुंग्याच्या टेक्निकल कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेला हा मनुष्य पायजम्याची नाडीसुद्धा मोजून कापतो, अशी त्यांच्या खात्यात थट्टा चाले. त्याच गिरणीच्या साच्याखात्यातला, म्हणजे मागांच्या खात्यातला, मुकादम, जॉबर गुणाजी त्यांच्याकडे महिनाभर खेटे घालत होता.

"साहेब, पयल्या मेक आपला राज्य येतला. मुंबईसकट येतला. आमच्या बेटावर त्याची कायतरी पक्की खूण होया. मंडळान ठरवलेला आसा. पायऱ्यांचो धक्को बांधूचो. पण आमी सगळे साच्यावरचे. तुमच्याशिवाय आमका कोण सांगतलो?"

धक्क्याची कल्पना चाकरमान्यांच्या मनातून निघालेली होती. मे महिन्यात ते होडीतून उतरत तेव्हा इस्त्रीच्या पाटलोणी गुडघ्यावर दुमडून आणि ट्रंका डोक्यावर घेऊन चिखल तुडवावा लागे. बेटावरच्या माणसांना त्या चिखलाचे काही वाटत नसे. पण त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

शामराव हो म्हणाले, त्याला आणखी एक कारण होते, आणि ते त्यांच्या पत्नी राधाबाईंखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. छप्पन्नच्या जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, गिरगावात अश्रुधूर सुटला, गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा वाडीवाडीतल्या बायकांनी जिन्यांच्या तोंडाशी पाण्याची भांडी भरून ठेवली होती. डोळे चोळत धावणारी पोरे ओंजळभर पाणी तोंडावर मारून पुढे पळत. राधाबाईंनीही पिंप भरून ठेवले होते. शामरावांनी ते आत ओढून घेतले आणि दाराला कडी घातली. बाहेर कोणीतरी दोनदा दार वाजवले. नवराबायकोने पुढे त्याविषयी एक अक्षर काढले नाही. पण चळवळीतल्या हुतात्म्यांचा उल्लेख निघाला की शामराव उगीचच चष्म्याची काच पुसू लागत. आता राज्य होणार होते, आणि त्या राज्यासाठी आपल्या हातून काहीतरी व्हावे, असे त्यांना फार मनापासून वाटत होते.

बोटीवर मंडळाचा चिटणीस दत्ताराम त्यांच्या शेजारी बसला होता. हा चेष्टेखोर गृहस्थ गिरणीत कारकून होता.

"साहेब, बोट लागली तर लाजू नका हां," तो म्हणाला. "माशांकय कायतरी खावक होया!"

शामरावांना बोट लागली. मासे तृप्त झाले. आणि दुसऱ्या दिवशी माडबेटाच्या चिखलात त्यांचा एक बूट रुतला तो रुतलाच. काठावर उभ्या असलेल्या बायकापोरांमध्ये हशा उसळला. गुणाजीची बायको शेवंती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "सायबानू, दुसरोय सोडून द्या. एकटो कित्याक ठेवतास?"

शामरावही हसले. धक्का बांधायलाच हवा, हे त्यांच्या मनाने त्याच घटकेला पक्के केले.

माडबेट म्हणजे माडांची दाटी, जांभ्या दगडाचा एक उंचवटा, एकोणीस घरे आणि चहूकडे पाणी. तिथे कोणाला कसली घाई नव्हती. होड्या भरतीबरोबर जात आणि भरतीबरोबर येत. मधल्या वेळात माणसे माडाखाली बाजेवर आडवी होत, सुंभ वळत, आणि गोष्ट सांगता सांगता मध्येच झोपी जात. जागी झाली की गोष्ट तिथूनच पुढे चालू. भोंग्यावर आयुष्य काढलेल्या शामरावांना पहिल्या दिवशी या गोष्टीचा राग आला, दुसऱ्या दिवशी हेवा वाटला, आणि तिसऱ्या दिवशी आपणच दुपारी बाजेवर घोरत होतो, हे ध्यानात येऊन त्यांना शरमल्यासारखे झाले. मात्र त्या तीन दिवसांत त्यांच्या मनात एक मत घट्ट बसले: माणसे लाघवी आहेत, पण ढिली आहेत. यांच्यावर कोणतेही काम सोपवून जाणे धोक्याचे.

देवळाच्या मागे बेटावरची एकमेव विहीर होती. तिला सगळे 'बाव' म्हणत. बेटाचे वृद्ध गावकर, म्हणजे गावचे मानकरी, बुधाजी यांनी शामरावांना आल्या दिवशीच तिच्या काठाशी नेले.

"सायबानू, ही बाव आसा म्हणान हयसर माणूस आसा. ही बिघाडली काय बेट कावळ्यांचा. पलीकडच्या काठावरसून पाणी आणून कोणी जन्म काढणा नाय."

चैत्र-वैशाखात प्रत्येक घराने दोन कळश्यांपेक्षा जास्त पाणी काढायचे नाही, अशी बेटाची रीत होती. आंघोळीला डबक्याचे खारट पाणी, भांड्यांना वाळू आणि समुद्र. सूर्य बुडाला की बुधाजी विहिरीच्या तोंडावर सुंभाची दोरी आडवी बांधत आणि मोठ्याने म्हणत, "बाव निजली." मग उजाडेपर्यंत तिच्यात कळशी पडत नसे. देवाची विहीर आहे, तिलाही झोप हवी, एवढेच कारण ते सांगत. शामरावांना ती श्रद्धा गोड वाटली. मुंबईला गेल्यावर राधाबाईंना ही गंमत सांगायची, असे त्यांनी मनाशी ठरवले.

काम झपाट्याने झाले. भरतीच्या रेषेच्या लगेच वर, उंचवट्याला लागून, लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रिटच्या रुंद पायऱ्या आणि माथ्यावर झेंड्यासाठी चौथरा. सिमेंट, सळ्या आणि खडी मचव्याने आधीच येऊन पडली होती. शामराव डोक्यावर ओला पंचा बांधून उभे राहत आणि घमेल्याघमेल्याला हिशेब विचारत. काँक्रिट कालवायला पाणी लागे, वाळू धुवायला पाणी लागे, आणि ते गोडेच लागे. "आत लोखंड आहे," ते बजावत. "खाऱ्या पाण्याचा थेंब पडता कामा नये. आतून गंज चढला तर धक्का पाच वर्षांत फुटेल." बावीस माणसांच्या आंघोळीही बावीवरच होत, कारण मुंबईहून आलेल्या माणसाला डबक्याचे पाणी द्यायचे, ही गोष्ट बेटावर कोणाच्या कल्पनेत बसणारी नव्हती.

शामरावांना काहीच दिसले नाही, असे म्हणता येणार नाही. ते गुणाजीच्या घरी उतरले होते. गुणाजीची आई सुभद्रा रोज पहाटे त्यांच्यासाठी घंगाळभर पाणी तापवी. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिले की म्हातारी स्वतः फुलपात्रभर पाण्यात चूळ भरते आणि ती चूळही परसातल्या मिरचीच्या रोपाच्या बुंध्यात टाकते. किती काटकसरी बाई, असे त्यांच्या मनात आले. त्याच्यापलीकडचा विचार दाराशी येऊन उभा राहिला होता. पण घंगाळातले पाणी ऊन होते, आणि दोन दिवसांच्या सिमेंटने अंग खाजत होते.

काँक्रिट पक्के व्हावे म्हणून त्यावर पाणी मारण्याची वेळ आली तेव्हा एक अडचण निघाली. उन्हात मारलेले पाणी उडून जाते. सूर्य कलल्यावर मारावे लागते. म्हणजे दिवेलागणीनंतरही बावीतून उपसा करावा लागणार. शामरावांनी तसे बुधाजींना सांगितले. बुधाजी हातातल्या दोरीकडे आणि मग पाहुण्यांकडे पाहत राहिले.

"पावण्याच्या कामाक," ते अखेर म्हणाले, "बाव जागी रवतली."

त्या संध्याकाळी दोरी खांद्यावर टाकून ते तसेच घरी गेले.

आता सुपरवायझर लोकांची एक जुनी पद्धत सांगणे भाग आहे. कामगाराला तीन वेळा तेल घाल म्हटले तर तो एकदा घालतो. म्हणून एकदा हवे असेल तर तीनदा सांगावे. शामरावांनी पंचवीस वर्षे गिरणीत हाच हिशेब चालवला होता आणि त्यात कधी तोटा झाला नव्हता. त्यांच्या पायऱ्यांना सात दिवस पाणी मिळाले असते तरी पुरे होते. पण डोळ्यांपुढे ती बाजेवरची माणसे होती. काम संपले त्या शनिवारी सकाळी सगळ्यांना गोळा करून ते गंभीरपणे म्हणाले, "एकवीस दिवस. सकाळी आणि संध्याकाळी. वर गोणपाटे अंथरायची आणि ती वाळू द्यायची नाहीत. एक दिवस जरी चुकला तरी सगळे श्रम पाण्यात गेले, असे समजा."

"एकवीस?" शेवंतीने विचारले. "चैत सरान वैशाख येतलो, सायबानू."

"एकवीस," शामराव म्हणाले. मनात म्हणाले, यांतले सात झाले तरी गंगेत घोडे न्हाले.

दुसऱ्या दिवशी होडीत बसण्याआधी सगळे देवळात जमले. बुधाजींनी देवापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणे सुरू केले. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सारे बेट एका आवाजात साद देत होते.

"बा देवा महाराजा! ही मुंबयची लेकरा हयसर येवन आपलो घाम गाळून गेली, तेंका सुखरूप घराक पोचय रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आमचा नवा राज्य येता, तेका कोणाची नजर लागू नये रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आनी ह्या शिकल्या-सवरल्या पावण्यान सांगितल्याप्रमाणे एकवीस दीस, सकाळ-सांज, पायऱ्यांक गोडा पाणी घालूची आमका बुद्धी आनी बळ दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

शामरावांच्याही तोंडून "होय महाराजा!" निघाले, आणि ते असे ठेवणीतल्या गिरगावी उच्चारात की पोरीबाळी खुदकन हसल्या. त्यांना त्या क्षणी फार बरे वाटले. आपली सूचना देवाच्या कानावर घातली गेली, ही त्यांना एक मजेदार आठवण वाटली. देवापुढे घातलेला शब्द म्हणजे काय, हे विचारण्याचे त्यांना सुचले नाही.

राज्य आले. गिरगावात वाड्यावाड्यांवर दिव्यांच्या माळा लागल्या, ठाकुरद्वारच्या नाक्यावर गुलाल उधळला गेला, आणि शामरावांनी आयुष्यात प्रथमच सगळ्या चाळीला स्वखुषीने पेढे वाटले. जिन्याच्या तोंडाशी उभे राहून ते पेढे देत होते. चार वर्षांपूर्वी पिंप होते नेमक्या त्याच जागी. राधाबाईंनी ते पाहिले. लालबागला मंडळाने ठराव केला की मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी शामरावांचा शालजोडी देऊन सत्कार करावा, आणि त्यासाठी बेटावरून बुधाजींना मुद्दाम बोलवावे.

सत्काराच्या आधीच्या रविवारी शामराव सहज म्हणून ट्रामने लालबागला उतरले. गुणाजी ज्या गाळ्यात राहत असे तो माडबेटकरांचा सामाईक गाळा होता. आठ-दहा पुरुषांच्या वळकट्या आणि भिंतीभर खुंट्या. त्या दिवशी एका कोपऱ्यात लुगड्याचा आडपडदा लावलेला दिसला. गॅलरीतल्या नळाशी सुभद्रा उभी होती. नळाचा पेला तिने तोंडाला लावला, जिभेवर घोट घोळवला आणि डोळे मिटून गिळला.

"काकी, तुम्ही इकडे कधी आलात?" शामरावांनी आश्चर्याने विचारले.

"झाले चार दीस," म्हातारी म्हणाली. "तुमच्या मुंबयचा पाणी गोड आसा, सायबानू."

शेवंती पडद्याआडून बाहेर आली. पूर्वीचे हसू तिच्या चेहऱ्यावर नव्हते, पण रागही नव्हता. तिने पाट मांडला.

"काय, धक्का कसा आहे?" शामरावांनी विचारले. आवाजातला अभिमान त्यांना स्वतःलाही ऐकू आला.

"कातळासारो झालो. खुरप्यान ओरखडोय पडणा नाय."

"पाणी घालत होता ना?"

"एकवीस दीस. सकाळ-सांज. एक दीस चुकलव नाय."

"वा!" शामराव म्हणाले. मग, निव्वळ बोलणे वाढवावे म्हणून, "बावीला होते ना एवढे पाणी?"

"गप गो," वळकटीला टेकून बसलेला गुणाजी मध्येच बायकोला म्हणाला. "साहेबांनी इल्या इल्या काय ह्या सगळा ऐकूचा? चाय ठेव."

"इचारतत, तर सांगतय," शेवंती म्हणाली आणि पदर खोचून जमिनीवर बसली. "दहा दीस झाले नि पाणी मचूळ लागाक लागला. बाराव्या दिसाक तर भातूय खारट. गावकरांनी दोरी बांधली, म्हणाले, धक्क्यासाठी बावीक आता हात लावचो नाय."

"मग तुम्ही थांबलात?"

"थांबतलव कशे? देवापुढे शब्द घातलेलो. नि खारा पाणी लोखंडाक चलणा नाय, असा तुमीच सांगितल्यात. मगे आमी होडये काढल्यो. पलीकडच्या काठावरसून पिंपा भरून आणलव. नव दीस."

"म्हणजे प्यायलाही तेच आणलेत."

शेवंतीने नवऱ्याकडे पाहिले, मग सासूकडे. सुभद्रा नळाशीच उभी होती. तीच बोलली.

"दोन होडये, सायबानू. किती म्हणान आणतली? तां धक्क्याचा पाणी होता. देवाच्या नावान आणलेला. तेतूर तोंड कसा लावचा? आमी बावीचाच पिलव."

गॅलरीत कोणाचा तरी स्टोव्ह फरफरत होता. शामरावांनी चहाचा कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला, आणि पुन्हा उचलला. पोरांना जुलाब लागले, गुरे पलीकडे नेऊन बांधली, पाच घरांनी कुलपे घातली, हे सारे शेवंती सांगत होती. तिच्या बोलण्यात कोठेही दोषाचा ठिपका नव्हता. देवाची मर्जी फिरली, बाव रुसली, असेच ती म्हणत होती. तिने एक शिवी हासडली असती तर शामरावांना तिचे पाय धरता आले असते.

ते चालतच गिरगावात आले. चिंचपोकळीचा पूल, भायखळा, मग उन्हातला लांबच लांब रस्ता. ट्राम शेजारून घणघणत जात होती, पण बसावेसे वाटत नव्हते. वाटेत त्यांना कॉलेजातला एक फळा आठवत होता. बेटावरच्या विहिरीचे गोडे पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्याच्या पाठीवर तरंगत असते. वरून थोडे-थोडे काढले आणि मधूनमधून विसावा दिला, तर पावसाचे मुरलेले पाणी झिरपून ते जागचे जागी राहते. हावरेपणाने उपसले तर हातभर गोड्याच्या मोबदल्यात खारे पाणी कितीतरी हात वर चढते, आणि एकदा चढलेले सहजी उतरत नाही. परीक्षेत हा प्रश्न आला होता. शामरावांनी त्याची आकृती काढली होती, आणि त्या प्रश्नाला त्यांना पूर्ण गुण मिळाले होते.

म्हणजे बुधाजी दोरी बांधून जे करत होते, ते का करायचे, हे बेटावर त्या दिवशी एकाच माणसाला पुरते ठाऊक होते. आणि त्याच माणसाने ती दोरी सोडायला लावली होती.

घरी आल्यावर त्यांनी राधाबाईंना सगळे सांगितले. एकवीस का म्हणालो, तेही सांगितले. राधाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"बेटावर कोणाला हे कळलंय? सातात भागलं असतं म्हणून?"

"नाही. कळणारही नाही. ते म्हणतात, देवाची मर्जी."

"मग रविवारी मी सत्काराला येऊ, की नको?"

शामराव खिडकीशी गेले. मग म्हणाले, "ये. निदान एक तरी माणूस खरं जाणणारं समोर असलं, म्हणजे मला पळता यायचं नाही."

रविवारी दुपारी लालबागच्या गाळ्यात वळकट्या हलवून सतरंज्या अंथरल्या होत्या. बाहेर गॅलरीतही माणसे दाटली होती. बुधाजी पांढरे धोतर नेसून खुर्चीच्या अगदी कडेला, अवघडून बसले होते. दत्तारामने भाषण केले. शामराव म्हणजे आधुनिक काळातले भगीरथ, असे तो म्हणाला. "भगीरथान गंगा आणली, आमच्या साहेबांनी बेटावर पाऊल सुकं ठेवून उतरूची सोय केली!" टाळ्या पडल्या. शामरावांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

बुधाजी शाल घेऊन उठले, तेव्हा शामरावांनी हात आडवा केला.

"आधी मला बोलू द्या," ते म्हणाले. "ही शाल घेण्याचा मला अधिकार नाही. धक्क्याला एकवीस दिवस पाण्याची गरज नव्हती. सात दिवस पुरले असते. तुमची बाव माझ्यामुळे खारी झाली."

मग दत्तारामने हसून टाळी वाजवली. "बघा! ह्याका म्हणतत विद्वान. दुसरो असतो तर सगळा श्रेय घेवन देवाक दोष देतो. आमचे साहेब दोषय आपल्याच अंगावर घेतत!"

आणि गाळा टाळ्यांनी दुमदुमला. गॅलरीतल्या माणसांनी, आत काय चालले आहे हे नीट न ऐकताच, टाळ्या वाजवल्या. शामरावांची नजर बायकांत बसलेल्या राधाबाईंवर गेली. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या; त्या त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. येथे थांबता आले असते. हात जोडून, मान लववून, शाल घेऊन घरी जाता आले असते, आणि ते सत्य बोलूनही लपले असते.

"दत्ताराम, मी विनय दाखवत नाही," शामराव मोठ्याने म्हणाले. "मला सात माहीत होते. सात माहीत असून मी एकवीस सांगितले. कळलं?"

आता कोणी हात उचलला नाही. सुभद्रा शेवंतीच्या खांद्याला धरून उठून उभी राहिली. ती रागावलेली नव्हती. तिला खरोखरच समजत नव्हते.

"सायबानू, तुमी सात सांगितल्यात असता, तर आमी सात दीस घातला असता."

"हो," शामराव म्हणाले.

"मगे चौदा दिसांचा पाणी कित्याक?" बुधाजींनी विचारले. शाल अजून त्यांच्या दोन्ही हातांत होती.

पंचवीस वर्षांत शामरावांना कोणी असे सरळ विचारले नव्हते. उत्तर एका वाक्याचे होते. ते बोलण्याआधी त्यांनी चष्मा काढला; पण काच पुसली नाही, तो तसाच हातात धरला.

"मला वाटले, मी सांगेन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच तुम्ही कराल."

कोणी खोकले. गुणाजीने मान खाली घातली, जणू ते वाक्य त्यानेच उच्चारले होते. तो जॉबर होता. त्याच्या खात्यात तोही हाच हिशेब चालवत होता, आणि साच्यावरच्या माणसांनी भरलेल्या त्या गाळ्यात तो हिशेब न ओळखणारा एकही जण नव्हता. ज्यांना तो अजिबात ठाऊक नव्हता, ते तिघे समोर होते: एक म्हातारा, एक म्हातारी आणि शेवंती.

शेवंतीच्या डोळ्यांत आता प्रथमच काहीतरी पेटले. "म्हणजे आमी फसवतलव असा धरूनच तुमी..." ती म्हणाली, आणि वाक्य पुरे न करता पडद्याआड निघून गेली.

शामराव वाकले. बुधाजींच्या पायांना हात लावायचा, एवढेच त्यांच्या मनात होते. पण वाकलेल्या पाठीवर त्यांना लोकरीचा ऊबदार भार जाणवला. बुधाजींनी शाल त्यांच्या खांद्यांवर नीट पसरली आणि दोन्ही टोके पुढे घेतली.

"आमी देवूक काढलेली वस्तू परत नेणव नाय," म्हातारा म्हणाला. "तशी रीत नाय."

मे महिन्याच्या त्या उकाड्यात शामराव सभा संपेपर्यंत ती शाल अंगावर घेऊन बसले. घाम कानामागून गळ्यात उतरत होता. उतरवून ठेवण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

पावसाळाभर त्यांनी जे करता येण्यासारखे होते ते केले. छपरांवरचे पाणी साठवण्यासाठी टाक्या कशा बांधाव्यात, त्याचे नकाशे काढून दिले. जेवढे हवे तेवढेच आकडे लिहिले, एकही फुगवला नाही. पण पोरांना शाळेत घालून चार घरे परळलाच राहिली, दोन पलीकडच्या काठावर नातेवाइकांकडे गेली, आणि बाकीच्यांतल्याही सात घरांनी एकेक करून काढता पाय घेतला. सुभद्रा लालबागच्या नळाशी रोज सकाळी रांगेत उभी राही. माडबेटाचे नाव ती काढत नसे.

नोव्हेंबरात शामराव एकटेच बोटीने गेले. होडी किनाऱ्याजवळ आली तेव्हा होडीवाल्याने ती सवयीने पायऱ्यांकडे वळवली. "नको," शामराव म्हणाले. त्यांनी बूट हातात घेतले, धोतर वर खोचले आणि शेजारच्या चिखलात पाय टाकला.

धक्का उत्तम होता. कोठे तडा नव्हता, कोठे गंजाचा डाग नव्हता. पायऱ्यांवर माडाच्या वाळक्या झावळ्या पडल्या होत्या. बाव काठोकाठ भरली होती. तिच्यावर आडवी दोरी बांधलेली होती, आणि दिवसाढवळ्याही ती कोणी सोडलेली दिसत नव्हती. बुधाजींनी ती सोडून कळशी खोल सोडली आणि पाणी शामरावांच्या ओंजळीत ओतले. वरचे गोड होते, खालचे मचूळ. ते सगळी ओंजळ प्यायले. संध्याकाळी ते उंचवट्यावर चढले आणि चुलींचे धूर मोजले.

एप्रिलमध्ये माडबेटावर एकोणीस घरे नांदती होती. आता सहा होती.